वाचकांचे प्रश्न : अरुंद पॅसेजसाठी कॅमेऱ्याचे उभे चित्र

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत प्रत्येक मजल्यावर सुमारे ६० फूट लांब आणि ५ फूट रुंद पॅसेज आहे. एका टोकाला ९ फूट उंचीवर २ मेगापिक्सेलचा डोम कॅमेरा बसवला असून त्याची लेन्स २.८ मिलिमीटरची आहे. चित्रात दोन्ही बाजूंच्या भिंतीच जास्त दिसतात, मधोमध पॅसेजची बारीक पट्टी उरते आणि पलीकडच्या टोकाला लिफ्टपाशी उभा असलेला माणूस कोण, हे कळत नाही. कोणीतरी सांगितले म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ‘फ्लिप’ केले, तर चित्र उलटे झाले. मोबाइलच्या पडद्यासारखे उभे चित्र या कॅमेऱ्यातून मिळेल का, आणि मिळाले तर चेहरे स्पष्ट दिसतील का?
— संस्थेचे सचिव, डोंबिवली

उत्तर : आपला कॅमेरा आयपी प्रकारचा, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारा असेल, तर उभे चित्र मिळण्याची शक्यता बरीच आहे. मात्र आपल्या पत्रात दोन प्रश्न एकत्र आले आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. चित्र उभे केल्याने भिंती जातील आणि पॅसेज अधिक दिसेल, हे खरे. चेहरा मात्र केवळ तेवढ्याने स्पष्ट होणार नाही. हा फरक लक्षात न घेता कॅमेरे फिरवून घेतलेल्या आणि नंतर निराश झालेल्या अनेक संस्था मी पाहिल्या आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कॅमेऱ्याच्या आत जो सेन्सर असतो, तो बहुधा १६ बाय ९ या प्रमाणाचा आडवा आयत असतो. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याच्या रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० ठिपके (पिक्सेल) असतात. हा आकार टीव्हीच्या पडद्यावरून आला आहे. पूर्वीच्या कॅमेऱ्यांचे चित्र ४ बाय ३ प्रमाणाचे, म्हणजे बरेचसे चौकोनी असे, त्यामुळे बोळात किंवा पॅसेजमध्ये त्याची अडचण कमी जाणवे. रुंद पडद्याचे चित्र रूढ झाले, तशी अरुंद जागांची गैरसोय वाढली. आपला पॅसेज कॅमेऱ्याच्या दृष्टीने उंच आणि निरुंद आकृती आहे, आणि आपण तिच्यासमोर आडवी चौकट धरली आहे.

त्यावरचा उपाय दोन पायऱ्यांचा आहे आणि दोन्ही पायऱ्या कराव्याच लागतात. आधी शिडीवर चढून कॅमेऱ्याचा डोळाच ९० अंशांत वळवायचा, म्हणजे सेन्सरची लांब बाजू उभी होते. असे केल्यावर पडद्यावरचे चित्र आडवे पडते, माणसे भिंतीवरून चालल्यासारखी दिसतात. त्यानंतर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चित्र ९० किंवा २७० अंशांत फिरवायचे, म्हणजे ते सरळ होते आणि १०८० बाय १९२० असे उभे चित्र रेकॉर्डरकडे जाऊ लागते. नुसती सेटिंग बदलून काहीच साधत नाही. तेच आडवे दृश्य कुशीवर वळते, एवढेच. आपण केलेले ‘फ्लिप’ १८० अंशांचे होते. उलट्या बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी ती सोय असते. ‘मिरर’ हा आणखी वेगळा प्रकार, त्यात फक्त डावे-उजवे बदलते. त्यांचा आपल्या कामाशी संबंध नाही.

या सोयीला प्रत्येक कंपनी वेगळे नाव देते, त्यामुळे शोधताना गोंधळ होतो. ॲक्सिस तिला ‘कॉरिडॉर फॉरमॅट’ म्हणते. हिकव्हिजनच्या अनेक आयपी कॅमेऱ्यांत ‘इमेज’ या भागातील ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये ‘रोटेट’ नावाचा पर्याय चालू करावा लागतो. दहुआच्या अनेक कॅमेऱ्यांत ‘फ्लिप’ याच नावाखाली ०, ९०, १८० आणि २७० अंश असे चार पर्याय मिळतात, त्यामुळे आपण उघडलेल्या त्याच यादीत हवा तो पर्यायही असू शकेल. मोबाइलच्या ॲपमध्ये हे पर्याय बहुधा दिसत नाहीत. संगणकाच्या ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाकून, ॲडमिनच्या पासवर्डने थेट कॅमेऱ्यातच जावे लागते. बसवून देणाऱ्याने तो पासवर्ड संस्थेला दिला नसेल, तर आधी तो लेखी मागून घ्यावा. कॅमेरे संस्थेचे आहेत, पासवर्डही संस्थेकडेच असायला हवा.

आता शिडीवरचे काम. डोमचे झाकण चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू सैल करून काढले, की आत लेन्सचा गोळा दिसतो. चांगल्या डोममध्ये हा गोळा तीन प्रकारे हलतो : डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, आणि स्वतःच्या आसाभोवती. आपल्याला तिसरी हालचाल हवी आहे. काही स्वस्त डोममध्ये ती नसतेच, म्हणून झाकण उघडल्यावर सर्वांत आधी हेच तपासावे. गोळा जबरदस्तीने पिळू नये. मागून निघणारी पातळ वायर सैल आहे ना, हे पाहून ती अडणार नाही अशा दिशेने हळूहळू पाव फेरा द्यावा. बोटाचा ठसा लेन्सवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला राहिला, तर रात्री इन्फ्रारेडचा प्रकाश तिथेच पसरतो आणि सगळे चित्र धुरकट दिसते, म्हणून झाकण लावण्यापूर्वी ते स्वच्छ मऊ कापडाने पुसावे. सेटिंगमध्ये ९० अंश निवडल्यावर माणसे डोक्यावर उभी दिसली, तर शिडीवर पुन्हा चढण्याची गरज नाही, २७० निवडावे.

यानंतर कॅमेरा थोडा खाली झुकवावा. पॅसेजचे दूरचे टोक चित्राच्या अगदी वरच्या भागात यायला हवे. छत जास्त दिसू लागले, तर जवळची ट्यूबलाइट चौकटीत शिरते, तिच्या उजेडामुळे कॅमेरा सगळे चित्र गडद करतो आणि लिफ्टकडून येणाऱ्या माणसाचा चेहरा सावलीत जातो. आपली २.८ मिलिमीटरची लेन्स उभी केल्यावर खालपासून वरपर्यंत जवळजवळ ९० अंशांचा पट्टा पाहते. म्हणजे कॅमेऱ्याच्या पायाखालच्या लादीपासून लिफ्टच्या दारापर्यंत सगळा पॅसेज एका चित्रात येईल. आडव्या चित्रात असे कधीच होत नाही. वरची कड टोकापर्यंत नेली, की खालची कड कॅमेऱ्यापासून पाच-सहा फुटांवर तुटते आणि कॅमेऱ्याच्या जवळच्या दाराशी कोण वाकून काय करत आहे, हे दिसत नाही.

आता चेहऱ्याकडे येऊ. कॅमेरा आडवा असो की उभा, लेन्स तीच असेल तर दूर उभ्या असलेल्या माणसावर पडणारे ठिपके तेवढेच राहतात. ठिपके वाढत नाहीत, भिंतींवर खर्च होणारे ठिपके जमिनीकडे वळतात. कॅमेऱ्यांच्या मांडणीसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत यासाठी सोपे माप दिले आहे. कोणीतरी आहे एवढे कळायला दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५ ठिपके पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० लागतात. नेहमीच्या २ मेगापिक्सेल सेन्सरवर २.८ मिलिमीटरची लेन्स असेल, तर २५० ठिपक्यांची मर्यादा साधारण बारा-तेरा फुटांवर संपते. ६० फुटांवर दर मीटरला अवघे ५४ ठिपके उरतात, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या रुंदीला आठ-नऊ. त्यातून चेहरा दिसणे शक्य नाही, चित्र उभे असो वा आडवे.

तरीही मी कॅमेरा उभा करण्याचा आग्रह धरतो, आणि त्याचे कारण लेन्समध्ये आहे. आडव्या मांडणीत ६ मिलिमीटरची, म्हणजे दूरचे मोठे दाखवणारी लेन्स वापरायला आपण कचरतो, कारण ९ फूट उंचीवरून तिला जवळची सुमारे १७ फूट लादी दिसतच नाही. तीच लेन्स उभी केली, की न दिसणारा भाग सुमारे ८ फुटांवर येतो, आणि पॅसेजची ५ फूट रुंदीही साधारण तिथूनच पूर्ण दिसू लागते. ओळख पटण्याचे अंतर २७ फुटांच्या आसपास जाते आणि ६० फुटांवरही दर मीटरला सुमारे ११५ ठिपके मिळतात, म्हणजे ओळखीचा रहिवासी जवळजवळ ओळखू येतो. उभ्या चित्राचा खरा लाभ हा आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की आधी एकाच मजल्यावरचा आहे तो कॅमेरा उभा करून पाहावा, त्याला काही खर्च नाही. पॅसेज पूर्ण दिसून संस्थेची गरज भागली, तर बाकीचे मजले तसेच करावेत. चेहरे हवेच असतील, तर त्या मजल्यांवर ६ मिलिमीटरचा किंवा २.८ ते १२ मिलिमीटरपर्यंत लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यावा. खरेदीपूर्वी ९० अंशांचा पर्याय आणि तिसरी हालचाल या दोन गोष्टी त्याच्या माहितीपत्रकात तपासाव्यात. तपासणीसाठी मी नेहमी एक साधा प्रयोग करतो. वॉचमनकाकांच्या हातात भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे एक पान देतो, ते छातीशी धरून त्यांना लिफ्टपासून कॅमेऱ्याकडे सावकाश चालायला सांगतो आणि नंतर रेकॉर्डिंग थांबवून-थांबवून पाहतो. तारखेचे मोठे आकडे कुठून वाचता येतात, त्याखालची बारीक अक्षरे कुठून, आणि काकांचा चेहरा कुठून, हे लाद्या मोजून लिहून ठेवतो. हा प्रयोग दिवसा एकदा आणि रात्री पॅसेजचे दिवे मालवून एकदा करावा. रात्रीचा निकाल नेहमीच वाईट असतो, आणि तो आधीच माहीत असणे चांगले.

चित्र फिरवल्यावर आणखी एक काम राहते आणि ते हमखास विसरले जाते. हालचाल टिपण्यासाठी आखलेला भाग, रेषा ओलांडल्याची सूचना आणि झाकून ठेवलेले भाग हे सगळे जुन्या आडव्या चौकटीवर आखलेले असतात. ते पुन्हा आखावे लागतात. काही मॉडेलांत ९० अंश निवडल्यावर यातील काही सोयी बंद पडतात किंवा सर्वांत मोठे चित्र मिळत नाही. एका इमारतीत मी स्वतः ही चूक केली होती. चित्र उत्तम उभे झाले म्हणून समाधानाने घरी आलो, आणि आठ दिवसांनी लक्षात आले की हालचालीचा जुना भाग आता छतावर पडला आहे आणि रेकॉर्डिंग जवळजवळ झालेलेच नाही. तेव्हापासून फिरवल्यानंतर दुसऱ्या दिवशीचे रेकॉर्डिंग पाहिल्याशिवाय मी काम पूर्ण झाले असे म्हणत नाही.

प्रश्न : आमच्या दुकानामागे गोदामाचा लांबट बोळ आहे. तिथे डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राला, गोल कोॲक्सियल केबलने जोडलेले जुने कॅमेरे आहेत. त्यांचे चित्र उभे करता येईल का?
— एक व्यापारी, सांगली

उत्तर : बहुतेक वेळा नाही. आयपी कॅमेरा चित्र स्वतःच्या आत फिरवून, दाबून, मग पुढे पाठवतो. कोॲक्सियल केबलवरचा कॅमेरा ठरलेल्या आडव्या प्रमाणाचे चित्र ओळीमागून ओळ पाठवत राहतो आणि फिरवण्याचे काम डीव्हीआरवर येऊन पडते. बहुतेक डीव्हीआरमध्ये ९० अंशांची सोय नसते. सगळी यंत्रणा बदलण्याची मात्र घाई करू नये. अलीकडचे अनेक डीव्हीआर कोॲक्सियल कॅमेऱ्यांबरोबर एक-दोन आयपी कॅमेरेही स्वीकारतात. आपल्या डीव्हीआरच्या मेन्यूत तशी सोय असेल, तर फक्त बोळापुरता एक आयपी कॅमेरा घेऊन नेटवर्कची केबल ओढावी. बोळाचा कॅमेरा एकट्याने वेगळ्या मॉनिटरवर पाहायचा असेल, तर आणखी एक सरळ मार्ग आहे : कॅमेरा वळवावा आणि तो मॉनिटरही भिंतीवर उभा टांगावा. रेकॉर्डिंग आडवे पडलेलेच राहील, पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला चित्र सरळ दिसेल.

प्रश्न : कॅमेरा उभा केल्यापासून टीव्हीवर त्या चौकोनात माणसे बुटकी आणि जाड दिसतात. मोबाइलवर मात्र व्यवस्थित दिसतात. दोष कुठे आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कॅमेऱ्यात दोष नाही. रेकॉर्डर त्या उभ्या चित्राला आडव्या चौकोनात ताणून बसवत आहे. रेकॉर्डरच्या ‘डिस्प्ले’ किंवा ‘लाइव्ह व्ह्यू’ भागात चित्र मूळ प्रमाणात दाखवण्याचा पर्याय असतो, तो निवडल्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील आणि माणसे पूर्ववत दिसतील. काही रेकॉर्डरमध्ये उंच चौकोन शेजारी-शेजारी मांडणारा ‘कॉरिडॉर’ आराखडा असतो. तीन-चार कॅमेरे उभे असतील तर तो फार सोयीचा पडतो, कारण काळ्या पट्ट्यांत वाया जाणारी जागा वाचते. अनेक चौकोन एकत्र पाहताना रेकॉर्डर बहुधा कॅमेऱ्याकडून येणारे लहान, दुय्यम चित्र वापरतो. ते चित्रही फिरले आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : आमच्या गिरगावातील चाळीत गॅलरीच्या टोकाला कॅमेरा बसवला आहे. दारे दिवसभर उघडी असतात आणि कॅमेऱ्यात घरातले दिसते, अशी शेजारच्या वहिनींची तक्रार आहे. त्यांचे म्हणणे मला पटते, पण कॅमेरा काढण्याची इच्छा नाही.
— एक रहिवासी, मुंबई

उत्तर : वहिनींचे म्हणणे बरोबर आहे आणि आपण ते मान्य केले, याचा मला आनंद वाटतो. चाळीत गॅलरी सामायिक असली, तरी उंबऱ्याच्या आतले घर त्या कुटुंबाचे आहे. बारीक कोन पाहणाऱ्या लेन्सचा उभा कॅमेरा इथे दोघांचेही काम करतो. आडव्या चित्रात कॅमेऱ्याच्या जवळची दोन-तीन दारे बाजूने मोठी दिसतात आणि त्यांच्या आतले पलंग-कपाटही दिसते. उभ्या चित्रात नेमका हाच बाजूचा भाग चौकटीबाहेर जातो. दूरची दारे इतक्या तिरक्या कोनातून दिसतात, की त्यांच्या आत नजर पोहोचत नाही. त्यानंतरही एखादे दार उरले, तर सेटिंगमधील ‘प्रायव्हसी मास्क’ने तेवढा भाग काळा करावा. तो भाग चित्र फिरवल्यानंतरच आखावा, कारण आधी आखलेला झाकणारा भाग सरकून भलत्याच ठिकाणी जाऊ शकतो. हे झाल्यावर वहिनींना बोलावून पडद्यावरचे चित्र त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. तोंडी आश्वासनापेक्षा त्याने त्यांचा अधिक विश्वास बसेल.

प्रश्न : चोरीचे रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे, पण कॅमेरा वळवून सेटिंग करायची राहिल्यामुळे ते आडवे पडले आहे. पोलिसांना देण्यापूर्वी ते सरळ करून द्यावे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मूळ फाइलला हात लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असे रेकॉर्डिंग न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने निघणारा आकडा-अक्षरांचा ठसा. चित्र सरळ करून नवी फाइल तयार केली, की हा ठसा पूर्ण बदलतो, आणि चित्र पुन्हा दाबले गेल्याने त्यातील बारकावेही थोडे कमी होतात. म्हणून रेकॉर्डरमधून निघालेली फाइल जशीच्या तशी, पडलेल्या चित्रासह, पोलिसांकडे सोपवावी आणि चित्र आडवे का आहे, हे सोबतच्या पत्रात एका वाक्यात लिहावे. रेकॉर्डर ठरावीक दिवसांनी जुने रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवे लिहितो, त्यामुळे ही फाइल आजच काढून घ्यावी.

पाहण्यासाठी चित्र सरळ हवे असेल, तर व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘टूल्स’ या मेन्यूतील ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’ उघडून, ‘व्हिडिओ इफेक्ट्स’मधील ‘जॉमेट्री’ या भागात ‘ट्रान्सफॉर्म’वर खूण करावी आणि ९० किंवा २७० अंश निवडावेत. यात फाइल बदलत नाही, फक्त पडद्यावरचे दृश्य वळते. तपास अधिकाऱ्यांना पोलीस ठाण्यातील संगणकावर हे दाखवून दिले, तर वेगळी प्रत करण्याचीही गरज उरत नाही.

प्रश्न : घरातल्या वाय-फाय कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये फक्त १८० अंशांचा पर्याय आहे. मला दारासमोरचा जिना उभा दिसायला हवा आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्या कॅमेऱ्यात ते होणार नाही, घरगुती, गोल फिरणाऱ्या वाय-फाय कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांना ९० अंशांची सोय नसते. कॅमेरा कुशीवर ठेवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्याची फिरणारी मोटर तशा स्थितीसाठी केलेली नसते. दारासाठीच हवा असेल, तर व्हिडिओ डोअरबेलचा विचार करावा. त्यांतील काहींचे चित्र मुळातच उभे असते, उदाहरणार्थ गूगलच्या बॅटरीवरच्या नेस्ट डोअरबेलचे चित्र ९६० बाय १२८० ठिपक्यांचे आहे, म्हणजे आलेला माणूस आणि उंबऱ्यापाशी ठेवलेले पार्सल दोन्ही दिसावेत अशी ती रचना आहे. कोणतीही डोअरबेल घेताना दुकानदाराला चित्राची उंची-रुंदी विचारावी. पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा उंचीचा असतो. दुसरा मोठा असेल, तर चित्र उभे आहे.